‘सेकाई नो शासो कारा’ इतकी वर्षे कसा टिकला?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. जपानच्या टीव्ही आसाही या वाहिनीवर १९८७ पासून दाखवला जाणारा ‘सेकाई नो शासो कारा’ हा जगभरच्या रेल्वेप्रवासांचा कार्यक्रम, प्रत्येक भाग जेमतेम काही मिनिटांचा असूनही, इतकी वर्षे कशाच्या बळावर टिकला, असे तुम्ही आधी विचारले आहे. आणि कोकण रेल्वेच्या गाडीतून तुम्ही मोबाइलवर केलेले तासाभराचे चित्रण घरच्यांनाही पाच मिनिटांच्या वर पाहवले नाही, ते का, हे त्याला जोडून विचारले आहे. मी पंचवीसहून अधिक वर्षे माहितीपटांचे चित्रीकरण आणि संकलन करत आले आहे. त्यांतला बराच काळ धावत्या गाड्यांमध्ये गेला, आणि हा जपानी कार्यक्रम मी प्रेक्षक म्हणून जितका पाहिला त्याहून जास्त संकलक म्हणून, थांबवून, मागे नेऊन, दृश्यांची लांबी मोजून पाहिला. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते खिडकीपाशी कोणाला बसवायचे या एका निर्णयात दडलेले आहे.

आधी नावाकडे पाहू. ‘सेकाई’ म्हणजे जग आणि ‘कारा’ म्हणजे मधून किंवा पासून. मधला ‘शासो’ हा शब्द दोन चिनी अक्षरांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ गाडी, दुसऱ्याचा खिडकी. वापरात मात्र हा शब्द काचेपलीकडे सरकलेला आहे. जपानी माणूस शासोचा आनंद घेतला असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात खिडकीची चौकट नसते, तिच्यातून दिसलेले सारे असते. तोक्यो ते ओसाका धावणाऱ्या शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, साध्या वर्गाचे तिकीट काढताना पुष्कळ लोक ‘ई’ ओळीतले आसन मागून घेतात, कारण फुजी पर्वत त्या बाजूच्या खिडकीतून दिसतो. खिडकीची बाजू पाहून आसन निवडणाऱ्या समाजात खिडकी हाच विषय असलेला कार्यक्रम जन्मला, यात नवल नाही.

त्याच्या जन्माची वेळही पाहण्यासारखी आहे. पहिला भाग १ जून १९८७ रोजी प्रसारित झाला. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, १ एप्रिल रोजी, जपानची राष्ट्रीय रेल्वे मोडून तिच्या सहा प्रादेशिक प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी करण्यात आली होती. त्याआधीची काही वर्षे तोट्यातल्या ग्रामीण मार्गांना निरोप देण्यात गेली होती. १९८० च्या कायद्यान्वये असे ८३ स्थानिक मार्ग राष्ट्रीय रेल्वेतून काढून टाकण्यासाठी निवडले गेले होते. म्हणजे ज्यांच्या गावची गाडी नुकतीच बंद झाली किंवा होऊ घातली होती, असे लाखो लोक त्या वेळी जपानमध्ये होते. दुसरीकडे येन वधारला होता. डॉलरचा भाव उतरवण्यासाठी सप्टेंबर १९८५ मध्ये झालेल्या प्लाझा करारापूर्वी एका डॉलरला सुमारे २४० येन मोजावे लागत, ते दोन वर्षांत दीडशेच्या आसपास आले. सामान्य जपानी नागरिकाला केवळ हौसेखातर परदेशी जाण्याची मुभा मिळाली तीच मुळी १९६४ साली, आणि १९८७ मध्ये सरकारने परदेशी जाणाऱ्यांची वार्षिक संख्या पाच वर्षांत एक कोटीवर नेण्याची योजना आखली. ती संख्या १९९० मध्येच गाठली गेली. घरची गाडी हरवत होती आणि परक्या देशांतल्या गाड्या हाताच्या अंतरावर येत होत्या. या कार्यक्रमाला पहिला प्रेक्षक मिळाला तो, माझ्या समजुतीप्रमाणे, या दोन्हींच्या सांध्यावर.

पण पहिला प्रेक्षक मिळणे आणि तो टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यक्रमाचा साचा अगदी साधा आहे. जाहिराती धरून पाच मिनिटांच्या आसपासची वेळ, प्रदीर्घ काळ फुजित्सु या एकाच कंपनीचे प्रायोजकत्व, हाजिमे मिझोगुची यांच्या चेलोवरची शीर्षकधून, आणि रंगभूमीवरून आलेले अभिनेते केंजिरो इशिमारू यांचा आवाज, जो सुरुवातीपासून बदललेला नाही. एका देशाचा प्रवास आठवडेच्या आठवडे चालतो. आज गाडी एका स्थानकावरून सुटली की पुढच्या भागात ती पुढच्या दरीत असते. अशा रीतीने शंभरहून अधिक देश आणि दहा हजारांच्या वर भाग झाले आहेत. मालिकेची ही गती खुद्द गाडीच्या गतीसारखी आहे, आणि प्रेक्षकाला एखादा भाग चुकला तरी तो डुलकी लागून एखादे स्थानक चुकल्याइतकाच चुकतो.

आता तो निर्णय. या कार्यक्रमात सूत्रधार दिसत नाही. इशिमारू यांचा आवाज येतो, पण डोळे विस्फारून काही दाखवणारा किंवा पहिला घास घेऊन वाहवा म्हणणारा चेहरा कुठेच नाही. डब्यातले प्रवासी दिसतात, तिकीट तपासनीस दिसतो, शेजारच्या बाकावरची आजी डब्यातले काही पुढे करते. पण ती ते ज्याच्यापुढे करते तो आपल्या नजरेस पडत नाही. ती जागा रिकामी ठेवलेली असते आणि प्रेक्षक आपोआप तिथे जाऊन बसतो.

हे किती वेगळे आहे ते इतर देशांच्या कार्यक्रमांशी ताडून पाहिल्यावर कळते. ब्रिटनमध्ये २०१० पासून मायकेल पोर्टिलो हे माजी मंत्री ब्रॅडशॉची एकोणिसाव्या शतकातली रेल्वे मार्गदर्शिका हातात घेऊन भडक रंगांच्या कोटात देश हिंडू लागले. तो कार्यक्रम मला आवडतो, पण त्यात आपण पोर्टिलोंसोबत जातो, त्यांच्या जागी जात नाही. जर्मनीत १९९१ पासून चालत आलेल्या ‘आयझेनबान रोमँटिक’चा जीव इंजिनात आहे, बाष्पक, चाकांची मांडणी, जुन्या गाड्या जिवंत ठेवणाऱ्या हौशी मंडळींचे कष्ट यांवर त्याचे प्रेम आहे, आणि ज्याला यंत्राचे वेड नाही तो त्यात थोडा परका राहतो. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने २७ नोव्हेंबर २००९ रोजी बर्गन ते ऑस्लो हा अख्खा प्रवास सव्वासात तास सलग दाखवला आणि देशातल्या लाखो लोकांनी तो पाहिला. सूत्रधार तिथेही नव्हता. पण तो एका संध्याकाळचा राष्ट्रीय सोहळा होता, बर्गन मार्गाच्या शताब्दीचा. सोहळा रोज करता येत नाही. जपानी कार्यक्रमाने सूत्रधार काढून टाकला आणि लांबीही काढून टाकली, म्हणून तो दात घासण्याइतका रोजचा होऊ शकला. रिकाम्या जागेची ही युक्ती जपानी दूरचित्रवाणीला पुढेही उपयोगी पडली. एनएचके वाहिनीवर २००५ पासून जगातल्या शहरांमधून पायी भटकण्याचा एक कार्यक्रम चालतो. त्यात कॅमेरा चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो आणि चालणारा मात्र कधीच दिसत नाही.

ही जागा रिकामी ठेवायची तर कॅमेऱ्याला माणसाच्या नजरेसारखे वागावे लागते, आणि गाडीच्या खिडकीत ते फार अवघड असते. तुमच्या चित्रणाचे उत्तर इथून सुरू होते, म्हणून थोडे तपशिलात जाते.

गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल तर ती सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. मोबाइलची नेहमीची रुंद लेन्स खिडकीशी धरली, तर रुळापासून पाच मीटरवरचा विजेचा खांब चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाव सेकंदात निघून जातो. दोन किलोमीटरवरच्या डोंगराला तेवढेच अंतर कापायला दीड मिनिटाहून अधिक लागते. गाडीत बसलेला माणूस खांबाकडे पाहतच नाही. त्याची नजर आपसूक डोंगरावर, फार तर मधल्या शेतावर ठरते, आणि खांब, झुडपे, खडीचे ढीग हे सारे तो न पाहता सोडून देतो. कॅमेऱ्याला सोडून देणे जमत नाही. तो चौकटीच्या खालच्या अर्ध्या भागात धावणारी खडी आणि गवत तितक्याच इमानाने नोंदवतो, आणि घरी स्थिर खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांना तो धबडगा ओढत राहतो. पाच मिनिटांत डोके भणभणते ते यामुळे. जपानी कार्यक्रमातली खिडकीची दृश्ये नीट पाहा: जवळचे बहुधा चौकटीबाहेर असते. गाडी भरावावर, पुलावर किंवा नदीकाठच्या उघड्या पट्ट्यात असताना घेतलेली दृश्ये निवडलेली असतात, चौकट किंचित वर उचललेली असते, किंवा वळणावर आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतील अशी तिरपी धरलेली असते. वळणावरच्या दृश्यात डबा स्थिर दिसतो आणि जग फिरते, त्यामुळे डोळ्याला धरायला काहीतरी मिळते. जवळचे दाखवायचेच असेल तर ते मोजके, दोन-तीन सेकंद, एखादे फाटक किंवा हात हलवणारे मूल.

दुसरी अडचण शटरची. लख्ख उन्हात मोबाइल आपल्या मनाने शटरचा वेग, म्हणजे प्रत्येक चौकटीला उजेड मिळण्याचा काळ, सेकंदाच्या हजाराव्या, दोन हजाराव्या भागापर्यंत नेतो. मग प्रत्येक चौकट सुईसारखी धारदार येते आणि खांब वाहत जाण्याऐवजी टकटक उड्या मारत जातो. लेन्सपुढे उजेड कमी करणारा करडा फिल्टर लावून शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवले की जवळच्या वस्तू थोड्या पुसट होतात आणि हालचाल डोळ्याला पटते. शंभरावा भाग सांगण्याला आणखी एक कारण आहे. भारतात आणि युरोपात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो आणि त्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. शटर त्याच्याशी जुळले नाही तर ट्यूबलाइटचा उजेड चित्रात लकाकत राहतो. जपानी कॅमेरामनला हे घरीच शिकावे लागते, कारण त्या देशात पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ असे दोन पुरवठे आहेत, तोक्यो ५० च्या बाजूला येते, आणि तिथली दूरचित्रवाणी मात्र सेकंदाला साठ क्षेत्रांच्या, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांच्या, हिशेबावर उभारलेली आहे. तुम्ही खांब तिरके दिसतात अशीही तक्रार केली आहे. मोबाइलचा संवेदक चित्र एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि शेवटची ओळ वाचेपर्यंत खांब पुढे सरकलेला असतो. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांमधले सीसीडी संवेदक अख्खी चौकट एकाच क्षणी टिपत, म्हणून नव्वदच्या दशकातल्या भागांत खांब ताठ उभे दिसतात. यावर मोबाइलमध्ये पूर्ण उपाय नाही. जवळचे खांब टाळणे हाच त्यातल्या त्यात उपाय, म्हणजे आपण पुन्हा पहिल्या मुद्द्यावर आलो.

तिसरी अडचण काच. वातानुकूलित डब्यात खिडकी उघडत नाही आणि काचेत तुमचा स्वतःचा शर्ट, समोरच्या बाकावरची पिशवी, छताचा दिवा असे सारे तरंगते. पुष्कळजण यावर ध्रुवक (पोलरायझिंग) फिल्टर लावायला सांगतात. तो काचेकडे सुमारे ५६ अंशांच्या तिरक्या कोनातून पाहताना उत्तम चालतो, पण काचेला समोरून भिडल्यावर त्याचा उपयोग होत नाही, शिवाय डब्याची काच कडक केलेली असली तर तिच्यातले ताण इंद्रधनुषी ठिपक्यांच्या रूपाने उमटतात. त्यापेक्षा काळे कापड बरे. मी काळ्या मखमलीचा एक हात लांबीरुंदीचा तुकडा मध्ये भोक पाडून नेहमी पिशवीत ठेवते. तो लेन्सभोवती आणि काचेवर धरला की डबा नाहीसा होतो आणि बाहेरचे तेवढे उरते. मात्र कॅमेरा काचेला टेकवू नका. चाकांची थरथर काचेतून थेट चित्रात उतरते. कोपरे पोटाशी घेऊन, पाठ बाकाला न टेकता बसलात तर तुमचे शरीरच धक्के गिळते. हे करणारा माणूस डब्यात फार विचित्र दिसतो, याची तयारी ठेवावी. बुरखा घेऊन खिडकीशी बसलेल्या मला मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत एका मावशींनी बराच वेळ निरखून ‘काही दुखतंय का ग पोरी’ असे विचारले होते.

बाहेरून दिसणाऱ्या गाडीबद्दल थोडक्यात सांगते. दरीपलीकडून पुलावरची गाडी दिसते, आणि पुढच्याच क्षणी आपण त्या गाडीच्या खिडकीत असतो, हा या कार्यक्रमाचा आवडता जोड आहे. प्रेक्षकाला तो सहज वाटतो. पण डब्यात बसलेला कॅमेरा त्याच वेळी डोंगरावर असू शकत नाही. एक तर दुसरा चमू मोटारीने पुढे पाठवावा लागतो, किंवा दुसऱ्या दिवशी येऊन त्याच गाडीची वाट पाहावी लागते, आणि मग डब्यांची संख्या, इंजिनाचा रंग, ढगांची दाटी जुळवावी लागते. दिवसातून एकच गाडी जाणाऱ्या मार्गावर अशा सहा सेकंदांसाठी एक अख्खा दिवस जातो. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या सहजतेची किंमत बहुतेक वेळा अशीच मोजलेली असते.

ध्वनीबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही, आणि तुमच्या चित्रणातली सर्वांत मोठी उणीव मला तिथेच दिसली. तुम्ही मागे एक चित्रपटगीत लावले आहे, त्यामुळे गाडी मुकी झाली. रुळांच्या सांध्यांवरून जाताना येणारा ताल प्रत्येक देशात वेगळा असतो, कारण रुळाची मूळ लांबी वेगळी असते. आपल्याकडे जुन्या सांध्यांच्या मार्गावर ती सुमारे १३ मीटर, ब्रिटनमध्ये साठ फूट, म्हणजे १८ मीटरांहून थोडी अधिक, तर जपानमध्ये २५ मीटर. एकाच वेगाने जाणाऱ्या तिन्ही गाड्या डोळे मिटून ऐकल्या तर आपली सर्वांत उतावीळ वाटेल आणि जपानी सर्वांत संथ. जपानी भाषेत या आवाजाला ‘गातान गोतोन’ असा शब्द आहे, आपल्या ‘झुकझुक’सारखा, पण आपला शब्द वाफेच्या इंजिनाच्या उच्छ्वासावरून आला आणि त्यांचा चाक सांध्यावर आदळण्यावरून, एवढा फरक. तिथे रेल्वेच्या हौशी लोकांच्या पोटजाती आहेत. नुसता प्रवास करणारे, छायाचित्रे काढणारे, आणि आवाज जमवणारे ‘ओतो-तेत्सु’, ज्यातल्या ‘ओतो’चा अर्थ ध्वनी. अशा कानांच्या लोकांपुढे खोटा आवाज चालत नाही. जोडसांध्याचे रूळ वितळवून सलग केलेल्या नव्या मार्गांवर हा ताल उरलेलाच नाही, तिथे फक्त सांधेबदलाच्या जागी, स्थानकात शिरताना, गाडी एकदम बोलू लागते. संकलन करताना मी स्थानक जवळ आल्याची सूचना चित्राआधी या आवाजाने देते. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण तो सावरून बसतो.

निवेदनाबद्दल जरा जास्त सांगावेसे वाटते, कारण मराठीत आपण सर्वांत जास्त माती तिथेच खातो. इशिमारू यांचे निवेदन नम्र, संथ आणि कमी शब्दांचे आहे. चित्रात नदी दिसत असताना नदी वाहत आहे असे ते सांगत नाहीत. नदीचे नाव, ती कुठून निघाली, किंवा तिच्या काठचे लोक काय पिकवतात, यांपैकी एखादी गोष्ट येते, आणि मग थोडा वेळ काहीच येत नाही. जपानी वाक्यातही मराठीप्रमाणे क्रियापद शेवटी असते, आणि तिथल्या निवेदनलेखनात एक जुनी सवय आहे की क्रियापद गाळून वाक्य नामावरच संपवायचे. त्याने वाक्य बंद होत नाही, उघडे राहते, आणि त्या उघड्या जागेत चित्र शिरते. मराठीत हे करता येते. ‘डावीकडे वाशिष्ठीची खाडी दिसत आहे’ या वाक्यापेक्षा ‘डावीकडे वाशिष्ठी’ हे दोन शब्द ठेवून पाहा. ‘दिसत आहे’ हे काम चित्राने केलेलेच असते. तीन मिनिटांत सहज बोलता येतील असे चारशेच्या आसपास मराठी शब्द बसतात. मी तीन मिनिटांच्या तुकड्याला शंभराहून अधिक शब्द लिहीत नाही, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांतलेही वीस-पंचवीस काढते. निवेदकाचा आवाज कधी बदलू नये, हेही या कार्यक्रमाने दाखवून दिले. जी जागा चेहऱ्यासाठी रिकामी ठेवली आहे तिच्या शेजारी बसलेला, माहीतगार आणि फार न बोलणारा सहप्रवासी म्हणजे तो आवाज. तो दर महिन्याला बदलला असता तर प्रत्येक वेळी नव्याने ओळख करून घ्यावी लागली असती.

या पद्धतीला मर्यादा आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. खिडकी सुंदर तेच दाखवते असे नाही, पण संकलक सुंदर तेच निवडतो, आणि तीन मिनिटांत एखाद्या देशातला दुष्काळ, संप किंवा यादवी यांना जागा उरत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जगाचे नकाशे बदलले, सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया नाहीसे झाले, पण या कार्यक्रमाच्या सुरात त्याने फरक पडत नाही; सीमा ओलांडताना फार तर पारपत्र तपासणारा अधिकारी बदलतो. मला हा सौम्यपणा कधी कधी अळणी वाटतो. एका दमात वीस-पंचवीस भाग पाहिले तर तो नक्कीच अळणी वाटेल, पण ते तसे पाहण्यासाठी केलेलेच नाहीत.

आणि तरीही एक गोष्ट अशी घडून गेली जी सुरुवातीला कोणी ठरवली नसावी. १९८७ पासून आतापर्यंत जगातल्या खिडक्याच बदलल्या. चीनमध्ये मुख्य मार्गावरची वाफेची इंजिने, शेवटी चीनच्याच इनर मंगोलिया प्रांतातल्या जितोंग मार्गावर, डिसेंबर २००५ मध्ये थांबली. भारतात १९९२ पासून मीटर आणि नॅरो गेज मार्ग ब्रॉडगेज करण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याने प्रवासाचा वेग वाढवला तसा उतरून पुन्हा चढता येईल असा रमतगमत प्रवासही संपवला. १८९७ साली सुरू झालेली आपली बार्शी लाइट रेल्वे २०१० च्या सुमारास मिरज ते लातूर पूर्णपणे ब्रॉडगेज झाली. तिच्या छोट्या डब्यांच्या खिडकीतून दिसणारी बालाघाटाची कड सलग, आवाजासह चित्रित झालेली मला तरी आजवर पाहायला मिळालेली नाही. जगभर उघडणाऱ्या खिडक्या जाऊन बंद काचा आल्या, डब्याच्या दारात उभे राहण्याची सोय गेली. रोज रात्री सहज पाहून विसरण्यासाठी केलेला हा कार्यक्रम, भागांमागून भाग साठत गेल्याने, उघड्या खिडक्यांचा दप्तरखाना होऊन बसला. जपानमध्ये २०११ साली बहुतेक ठिकाणी जुने ॲनालॉग प्रसारण बंद झाले आणि पडदे रुंद झाले; चौकोनी चौकटीतले जुने भाग पाहताना मला आता प्रथम जाणवते ती चौकट, म्हणजे खरोखरीची खिडकी, जी रुंद पडद्यावर थोडी हरवली आहे.

आता तुमचे तासाभराचे चित्रण. चिपळूणहून मडगावपर्यंतचा तुमचा मार्ग उत्तम आहे आणि ते टाकून देण्याची गरज नाही. मी तुमच्या जागी असते तर प्रथम जिथे तुम्ही कॅमेरा स्वतःकडे वळवून बोलता ते सगळे तुकडे काढले असते. ते बोलणे वाईट आहे म्हणून नाही, तर तुम्ही तिथे दिसलात की पाहणाऱ्याची जागा भरली जाते. मग झुडपे आणि कातळाच्या भिंती अगदी जवळून धावतात ते सगळे काढले असते. कोकण रेल्वेवर डोंगर कापून केलेले खोलगट पट्टे पुष्कळ असल्याने यातच अर्धे चित्रण जाईल. दक्षिणेकडे जाताना सह्याद्री डाव्या खिडकीत असतो आणि दुपारनंतर ऊन त्याच्यावर समोरून पडते; तुमचे डावीकडचे चार वाजल्यानंतरचे तुकडे म्हणून इतके उजळ आले आहेत, तेच ठेवा. रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवल नदीवरच्या ६४ मीटर उंच पुलावर तुम्ही खाली पाहण्याच्या मोहाने कॅमेरा कलवला आहे. तो सरळ ठेवला असता तर खालची झाडे आपोआप खोल गेली असती. पुढच्या खेपेला तो पूल पुन्हा घ्या. उरलेल्याचे तीन-तीन मिनिटांचे सात-आठ भाग करा, रोज एक दाखवा, आणि प्रत्येकाच्या शेवटी पुढची गाडी कुठे पोहोचेल ते एका वाक्यात सांगून थांबा.

करबुड्याच्या बोगद्याचे काय करायचे असे तुम्ही वेगळे विचारले आहे. उक्षी आणि भोके यांच्या मधला हा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे आणि तुमच्या सवारी गाडीला त्यातून बाहेर पडायला सहा मिनिटे लागली, म्हणजे जपानी कार्यक्रमाच्या अख्ख्या भागाहून लांब काळोख. नॉर्वेच्या त्या प्रसारणात बोगदे आले की मार्गाचे जुने चित्रण दाखवत असत, आणि तुमच्याकडे जुने चित्रण नाही. पण त्या सहा मिनिटांचा आवाज तुमच्याकडे स्वच्छ आहे: आधी भिंतींवरून परत येणारी घरघर, मध्येच कोणी तरी मोठ्याने हाक मारते आणि मुले ओरडून प्रतिध्वनी ऐकतात, मग एक चणेवाला त्या अंधारात ओरडत डब्यातून पुढे जातो. त्यातली चाळीस सेकंदे ठेवा, पडदा काळा ठेवा, गाणे लावू नका आणि निवेदनही लिहू नका. पहिला भाग तिथे संपवा. दुसरा भाग भोक्याच्या बाजूच्या उजेडाने सुरू होईल, आणि तिथे मोबाइलने उजेडाशी जुळवून घेताना दोन सेकंद सगळे पांढरे केले आहे, तो दोष तसाच राहू द्या. बोगद्यातून बाहेर आलेल्या माणसाचे डोळे नेमके असेच दिपतात.